मुदीरसाठी निवडलेली गोळी

"गोळी द्या! अरे गाढवांनो, उभे काय राहिलात, गोळी द्या!"

कफील, म्हणजे आमचा अरबी मालक, गोदामाच्या छपरावर उभा राहून ओरडत होता. आवाज असा, की खाली मक्केतल्या हॉटेलांच्या लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबल्या, असं मला पुढे एका ड्रायव्हरने शपथेवर सांगितलं. हातात रिकामं रिव्हॉल्वर, पांढऱ्या थोबवर, त्या पायघोळ झग्यावर, गुडघ्यापर्यंत रक्त. रक्त त्याचं नव्हतं, त्याच्या कुत्र्याचं होतं. कुत्रा खाली गुलाबांच्या वाफ्यात पडला होता, पोट चेन उघडल्यासारखं उघडलेलं. चार पायांपैकी एक अजून हलत होता. आणि ज्याने हे केलं तो समोरच्या दगडी बांधावर मांडी घालून बसला होता, हाताला लागलेलं चाटत होता आणि आमच्याकडे असा बघत होता, जणू आम्हीच त्याच्या आवारात विनापरवाना शिरलोय.

ताइफच्या वरच्या डोंगरात बबून असतात. कुत्र्याचं तोंड, सिंहाची आयाळ आणि ढुंगण असं लाल की सिग्नल समजून गाडी थांबवावी. या टोळीचा जो म्होरक्या होता त्याला आम्ही 'मुदीर' म्हणायचो. मुदीर म्हणजे मॅनेजर. काम काही करायचा नाही, सगळ्यांच्या आधी जेवायचा आणि कुणी मान वर केली की कानफटात द्यायचा. दुसरं नाव सुचणार तरी कोणतं? उंचीला माझ्या छातीपर्यंत होता. अंगावर धावून येताना डोक्यापर्यंत.

मी त्या गुलाबाच्या मळ्यावर मुकादम होतो. गाव माझं रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. मळ्यावर स्वयंपाकाला होता चाचा, तो श्रीवर्धनकडचा. रत्नागिरी आणि रायगड एका छपराखाली आले की रोज सकाळी माशाच्या आमटीत चिंच की कोकम यावरून जी लढाई व्हायची, तिच्यापुढे बबून म्हणजे पाहुणे. कफील फौजेतून निवृत्त झालेला, सगळं आयुष्य रियाधला अल मलाझमध्ये काढलेला शहरी गडी. बापाचा मळा वाट्याला आला म्हणून डोंगरात आला. हुकूम उर्दूत द्यायचा आणि शिव्या अरबीत. मी दोन्ही इथे मराठीत लिहितोय, त्यात काही फार चांगल्या शिव्या वाया जाणार आहेत, त्याला इलाज नाही.

तर रिव्हॉल्वर रिकामं झालं होतं. सगळ्या गोळ्या मुदीरला सोडून बाकी सगळीकडे लागल्या होत्या. एक डाळिंबाला, एक पाण्याच्या पाइपाला, बाकीच्या मुदीरच्या मागच्या दगडी भिंतीला. भिंतीवर त्या नाण्यासारख्या चपट्या होऊन चिकटल्या होत्या. मुदीरने त्यातली एक नखाने काढली, वास घेतला, दातात धरून पाहिली आणि थुंकली.

कफीलने ते पाहिलं. त्याचा चेहरा वांग्यासारखा झाला.

"वल्लाह," तो छपरावरूनच म्हणाला, आणि आता तो ओरडत नव्हता हेच वाईट होतं. "जोवर हा जिवंत आहे, तोवर या फाटकातून कुणी बाहेर पडणार नाही. सुट्टी खलास. सगळ्यांची."

सगळ्यांची म्हणजे चाचाची. कारण माझी सुट्टी कधी होणारच नव्हती, आणि गुलाब तोडणारी माणसं तर आधीच शेजारच्या मळ्यावर पळून गेली होती. त्यातल्या एकाच्या पोटरीचा लचका मुदीरने काढला होता. तो मांसाचा तुकडा घेऊन बांधावर बसला आणि खाल्ला नाही, नुसता उलटापालटा करून पाहिला. ते पाहिल्यावर कोण थांबतं?

चाचाच्या मुलीचा निकाह पुढच्या जुम्म्याला होता. मांडव ठरला होता, बिर्याणीवाला ठरला होता, नवऱ्यामुलाच्या घरच्यांनी फोनवरून बकरे मोजायलासुद्धा सुरुवात केली होती. फक्त बाप ताइफच्या डोंगरात होता आणि देशाबाहेर जायची परवानगी कफीलनेच आपल्या मोबाइलवरून द्यायची होती. मुलगी रोज फोन करायची. चाचा मराठीत बोलायचा, ती मुंबईच्या कॉलेजातली, हिंदीत उत्तर द्यायची.

"अब्बा, टिकट हुआ क्या?"

"होतंय गो बाय, होतंय."

"कब होगा अब्बा? काझीसाब पूछ रहे है वकील कौन बैठेगा." वकील म्हणजे निकाहात मुलीच्या बाजूने बोलणारा.

त्या दिवशी फोन आला तेव्हा चाचा कुत्र्यासाठी खड्डा खणत होता. त्याने फोन कानाला लावला, ऐकला, खिशात टाकला आणि कुदळ अशी मारली की डोंगराला पोचे पडले असतील.

"मुकादम," तो मला म्हणाला, "ते माकड मेलं पाहिजे. उद्या."

"मग तू मार. सकाळी ओरडतोस तसं ओरड त्याच्यावर. जागेवर मरेल."

"मस्करी नको करूस रे मेल्या. गोळी कुठली घालतो हा म्हातारा? ती बघ, भिंतीवर शेणी थापल्यासारखी बसली. त्याने मच्छरही मरायचा नाही."

इथे कफीलच्या टेबलाबद्दल सांगायला हवं. गोदामात एका बाजूला गुलाबाचं तेल काढायच्या तांब्याच्या देगा, त्यांच्याखाली चुलाणं. दुसऱ्या बाजूला कफीलचं टेबल, त्यावर लोखंडी दांड्याचं एक दाबयंत्र आणि बंदुकीच्या दारूचा डबा. चुलाण आणि दारूचा डबा यांच्यामध्ये फक्त आमचं नशीब उभं होतं. कफील आपल्या रिव्हॉल्वरच्या गोळ्या घरी भरायचा. दुकानातली गोळी म्हणजे परक्याच्या हातचं जेवण, असं त्याचं म्हणणं. उडवलेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवायच्या, घासून लखलखीत करायच्या, बुडात नवी टोपी बसवायची, वर दारू, तिच्यावर गोळी, आणि दांडा खाली. रिव्हॉल्वरचं लायसन्स त्याच्याकडे होतं. गोळ्या भरायचं होतं का, ते मी विचारलं नाही. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, ज्याच्या हातात, त्याला कागद विचारायचे नसतात.

आम्हा दोघांना त्या टेबलापाशी यायची मुभा होती, कारण आमच्या आज्यांच्या घरी ठासणीची बंदूक होती. वानरं आंबे नासवतात म्हणून कोकणात लायसन्सची ठासणी असते. नळीत दारू ओतायची, काथ्या ठासायचा, छर्रे ठासायचे, आणि बार टाकायचा. हे कफीलला एकदा सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला, की आम्ही जन्मतःच माकडं मारत बाहेर आलो असं त्याने पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली. आम्हीही अडवलं नाही. मी तर माझ्या आज्याने एका बारात नऊ वानरं आणि एक तलाठी पाडल्याचं सांगितलं होतं.

अस्रच्या, म्हणजे उन्हं कलल्यावरच्या नमाजानंतर कफीलने तीन खोके टेबलावर मांडले.

"बोला," तो म्हणाला. "तुम्ही शिकारी लोक. यातली कुठली?"

पहिल्या खोक्यात शिशाच्या बोथट गोळ्या. तोंड कापलेल्या पेन्सिलीसारखं सपाट. क्लबात कागदावर मारायला या चांगल्या, कागदात कसं गोल भोक पडतं, कडा फाटत नाहीत. आज दुपारी याच उडवल्या होत्या. दुसऱ्या खोक्यात पोकळ नाकाच्या. टोकाला खड्डा. अंगात शिरलं की ते नाक फुलासारखं उमलतं आणि शिरताना बोटाएवढं भोक पाडणारी गोळी आत मूठभर जागा करते. तिसऱ्यात तांब्याने मढवलेल्या, गोल नाकाच्या, चकचकीत. त्या उमलत नाहीत, थांबत नाहीत, सरळ जातात.

कफीलने पोकळ नाकाची उचलली आणि अंगठ्याने तिचा खड्डा दाबत राहिला.

"ही," तो म्हणाला. "ही आत गेली पाहिजे आणि त्याचं सगळं बाहेर आलं पाहिजे. माझ्या कुत्र्याचं आलं तसं."

"शेख," चाचा म्हणाला, "त्याची आयाळ पाहिलीत? गादी आहे गादी. ही पोकळवाली आयाळीतच उमलणार. वर वर फाडेल आणि तो पिसाळून अंगावर येईल. जखमी वानर काय करतो ते मला विचारा. माझ्या चुलत्याचं नाक गेलं. नाक गेलं ते गेलं, वानर नाक घेऊन झाडावर बसला."

"मग?"

चाचाने तांब्याची गोळी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. अगदी प्रसाद ठेवावा तशी, पण तो मुसलमान होता म्हणून खजुरासारखी म्हणू. "ही. आयाळ, हाड, काळीज, सगळ्यातून आरपार. एकच बार."

"आणि आरपार गेल्यावर?" कफील फौजी होता, मूर्ख नव्हता. "पलीकडे काय?"

"पलीकडे गडगा आहे ना!" चाचा म्हणाला. "दगडी भिंत. गडगा गोळी गिळतो. आमच्याकडे लहानपणापासून बघतोय, किती बार गडग्यात गेले, एक परत आला नाही. काय मुकादम?"

आता हे खरं होतं. आमच्याकडे खरं होतं. कोकणातला गडगा जांभ्याचा. जांभा दगड म्हणजे लाल, भोकाभोकांचा, करवतीने कापून काढतात, पावसाळ्यात त्याच्या अंगातून शेवाळ उगवतं. त्याच्यात छर्रा गेला की घरी गेल्यासारखा जातो. पोरं नंतर खिळ्याने उकरून काढतात. आमच्या दोघांच्याही डोक्यात दगड म्हटला की तो आणि तेवढाच दगड होता.

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे सल्ला देणं नव्हे, हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगतो.

कफील खिडकीतून भिंतीकडे बघत होता. आयुष्यभर क्लबातल्या वाळूच्या ढिगावर गोळ्या मारलेला माणूस. भिंतीवर दुपारच्या शिशाच्या टिकल्या दिसत होत्या, एकही उडून आली नव्हती.

"खरंय," तो म्हणाला. "गिळतो."

आणि त्याने दांडा खाली ओढला.

गुलाब पहाटे तोडायचा असतो, उन्हाने वास उडतो. दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा आम्ही तिघं वाफ्यात होतो. धुकं गुडघ्यापर्यंत, थंडी अशी की तोंडातून निघालेली शिवी गोठून पायावर पडावी. चाचाच्या कमरेला बकरं कापायची सुरी होती. मी विचारलं कशाला, तर म्हणाला, "हलाल नाही करायचं, पण रिकाम्या हाताने नाही जायचं."

टोळी बांधावरून उतरली. आधी माद्या, पाठीवर पिल्लं. मग तरणे नर. शेवटी मुदीर, सावकाश, कळ्या ओरबाडत, तोंडात गुलाबी लगदा. भिंतीपाशी तो थांबला आणि कालच्याच जागी, छातीची ढाल करून बसला.

कफीलने दोन्ही हातांनी नेम धरला. मी कानात बोटं घातली. बार झाला.

मुदीरला गोळी लागली. हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. आयाळीतून एक लाल कारंजं उडालं आणि त्याचा डावा हात खांद्यापासून लोंबायला लागला. चाचाचं म्हणणं अगदी बरोबर निघालं, गोळी आरपार गेली. आरपार जाऊन ती भिंतीला भेटली. आणि ती भिंत जांभ्याची नव्हती. ताइफचा डोंगर काळाकरडा, कठीण, काच फुटावी तसा फुटणारा दगड. मऊ शिसं त्याच्यावर थापलं गेलं होतं, पण या चकचकीत, कडक बाईसाहेबांना त्याने दारातूनच परत पाठवलं. असा आवाज आला की कुणीतरी आभाळाची तार तोडली. माझ्या कानाजवळून काहीतरी किंचाळत गेलं, मागे गोदामातली देग घंटेसारखी वाजली, आणि कफील खाली बसला. नमाजाला बसतात तसा, अगदी शिस्तीत. मग आडवा झाला. त्याच्या मांडीत तांब्याचं एक पातं घुसलं होतं आणि रक्त असं येत होतं जसं टँकरचा नळ कुणी उघडा टाकून गेलंय.

रिव्हॉल्वर वाफ्यात कुठेतरी गेलं.

आणि मुदीर निघाला. तीन पायांवर. चाचाने सांगितलं होतं जखमी वानर काय करतो. मी आजवर रत्नागिरीत म्हणा, ताइफमध्ये म्हणा, अनेक गोष्टी फुगवून सांगितल्या आहेत, पण ही फुगवायची गरज नाही. तोंड उघडलं तेव्हा त्यातले सुळे माझ्या बोटांपेक्षा लांब होते. तो कफीलवर पडला. थोब फाटलं, दंड फाटला, कफीलने हात मध्ये घातला तो मनगटाशी कडकन चावला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कफील ओरडत नव्हता. काल छपरावरून मक्का हलवणारा माणूस आज नुसता हुंकारत होता.

मी गुलाबाची टोपली मारली. टोपली! मोठी जड होती असं मी नंतर सांगत आलोय.

चाचा ओरडत आला. काय ओरडत होता ते आधी कळेना. मग कळलं. "जुम्म्याला आहे! अरे जुम्म्याला आहे रे!" असं ओरडत त्याने मुदीरच्या पाठीवर उडी मारली, आयाळीत डावी मूठ घातली, मान मागे ओढली आणि सुरी घातली. एकदा नाही. बकऱ्याला एकदा लागते, हे बकरं नव्हतं. मुदीरने मान वळवून त्याच्या खांद्याचा घास घेतला, पण चाचा सुटला नाही. दोघं कफीलवरून, माझ्या पायांवरून, काट्यांतून लोळत गेले. गुलाबाचे काटे दोघांच्या पाठीत. सुरी आत जाताना आवाज यायचा, तो भोपळा कापतानाचा. बराच वेळ तो आवाज आला. मग नुसता श्वास.

चाचा उठला तेव्हा तो चाचा आहे हे कपड्यांवरून ओळखावं लागलं. मुदीर वाफ्यात पडला होता. तोंडात अजून गुलाबाच्या पाकळ्या होत्या. डोंगरावर माद्या ओरडायला लागल्या, एकीचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरी. मयतीच्या घरासमोरून जाताना येतो तसा आवाज. चाचाने सुरी गवताला पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिला. मी पागोट्याने कफीलची मांडी आवळत होतो, आणि माझे दात वाजत होते. थंडीने.

गाडी मी चालवली. ताइफपर्यंतचा तो घाट मी असा उतरलो की वळणं अजून माझ्या नावाने बोटं मोडत असतील. मागच्या सीटवर कफीलचं डोकं चाचाच्या मांडीवर. एकाचं रक्त कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं हे सीटला कळलं नसेल.

हॉस्पिटलात इमर्जन्सीत नेमकी नागपूरकडची डॉक्टरीणबाई. आमचं आपसातलं बोलणं ऐकून ती मराठीत म्हणाली, "काका, आधी कोणाला बघू?"

"शेखला बघ," चाचा म्हणाला.

तिने मांडीतून तांब्याचं पातं काढलं आणि चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवलं. "ही गोळी कुठून आली?"

"भिंतीतून," मी म्हणालो.

"भिंतीने गोळी मारली?"

"तशी मुद्दाम नाही मारली."

तिने पातं ट्रेमध्ये टाकलं आणि पोलिसांना फोन लावला. पोलीस आले, कफीलने अरबीत काय सांगायचं ते सांगितलं, ते मळ्यावर जाऊन रिव्हॉल्वर आणि टेबलावरचे तिन्ही खोके घेऊन गेले. दाबयंत्रही गेलं. माझ्या आज्याच्या ठासणीबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही.

दुपारपर्यंत कफील वॉर्डात आला. मनगट प्लास्टरमध्ये, मांडीला हे एवढं बँडेज, तोंड पांढरंफटक. चाचा त्याच्या पायथ्याशी उभा होता, खांद्याला टाके घातलेले, इंजेक्शनं घेतलेली, अंगावर हॉस्पिटलचा हिरवा सदरा. खिशात नव्हे, हातातच फोन होता. तो वाजला. मुलीचा. चाचाने बघितलं आणि वाजू दिला. बंद पडला, परत वाजला. माकड उलथं पाडणारा माणूस, हिरव्या सदऱ्याच्या टोकाने फोनची काच पुसत उभा राहिला.

मीच म्हणालो, "शेख, मुदीर मेला."

कफीलने डोळे उघडले. चाचाकडे पाहिलं, त्याच्या खांद्याकडे पाहिलं, वाजणाऱ्या फोनकडे पाहिलं. मग चांगल्या हाताने उशाखाली चाचपून आपला मोबाइल काढला आणि अंगठ्याने एकेक करत काहीतरी दाबत राहिला. मधेच चष्मा मागितला. मी दिला. परत दाबलं. चाचाच्या फोनवर टुंग झालं. परवानगी आली होती.

चाचा रडायला लागला. रायगडवाले असेच, दुसऱ्याच्या वॉर्डात रडतात.

कफीलने मोबाइल उशाखाली परत सारला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "जा. येताना तुमच्या गावचा तो दगड घेऊन ये. भिंत पाडून नवी बांधायची आहे."